जामखेडची आरोग्यसेविका: बाळंतिणीच्या दारातला आधार

मराठी घरात बाळंतपणाचा आधार म्हणजे माहेर. सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी येते, आई डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर करते, शेक-शेगडी होते, आणि सव्वा महिना बाळंतिणीला कामाला हात लावू देत नाहीत. ही रीत जुनी आहे आणि चांगलीही आहे. पण माहेरी धान्य आहे, आई हयात आहे आणि मजुरी बुडवून तिला घरी थांबता येते, असे त्यात गृहीत धरलेले असते. यातले काहीच नसेल तर बाळंतपणाला कोण येते?

या प्रश्नाचे एक उत्तर अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात १९७०नंतर उभे राहिले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित असलेल्या बायकांनी शिकून घेऊन गावातल्या आयांची आणि बाळांची काळजी घ्यायची, असे ते उत्तर. जगाच्या आरोग्यशास्त्रात त्याला 'जामखेड मॉडेल' म्हणतात. अमेरिकेत आज कृष्णवर्णीय मातांसाठी त्यांच्याच समाजातल्या स्त्रिया जे काम करत आहेत, त्याच्याशी या कामाचे नाते बरेच जवळचे आहे.

१९७०चे जामखेड

जामखेड तालुका जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड, धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. जिल्ह्याला आता ज्यांचे नाव दिले आहे त्या अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यातले. पाऊस कमी, विहिरी उथळ, ज्वारी-बाजरीवर गुजराण. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य इथे आले तेव्हा महाराष्ट्र एका मोठ्या दुष्काळाच्या तोंडाशी होता.

दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉक्टर. रजनीकांत याच जिल्ह्यातले, मेबल जबलपूरच्या. जामखेडच्या आधी दोघांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले होते. तिथे त्यांच्या लक्षात आले की रुग्णालयात येणारे बहुतेक आजार गावातच टाळता आले असते. बरा होऊन घरी गेलेला माणूस तोच आजार घेऊन परत येत असे. त्यानंतर ते अमेरिकेत पुढचे शिक्षण घ्यायला गेले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह रुरल हेल्थ प्रोजेक्ट', म्हणजे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प, असे त्यांनी आपल्या कामाला नाव दिले.

त्या वेळी इथल्या बाळंतपणाचे चित्र असे होते. पोटूशी बाईने कमी खावे म्हणजे मूल लहान राहते आणि सुटका सोपी होते, असा समज होता. नाळ विळ्याने किंवा हाताला येईल त्या पात्याने कापत. पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, बाळाला वाईट म्हणून पिळून टाकत. धनुर्वाताने बाळ दगावले की 'बाहेरचे' झाले म्हणत. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत मरत होती. त्याच वर्षी देशाची सरासरी १२९ होती.

नर्स का चालली नाही

पहिला प्रयत्न सरळ होता. शिकलेली परिचारिका गावात पाठवायची. तो फसला. शहराकडून आलेली तरुण मुलगी एकटी गावात राहायला घाबरे, गावातल्या बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलत नसत. ज्या घरात ज्वारीच्या कण्या शिजतात तिथे तिने अंडी, दूध आणि फळे खायला सांगितले तर सासू नुसती हसे. तिचे म्हणणे खरे असले तरी त्या चुलीचे नव्हते.

मग गावालाच सांगितले गेले की तुमच्यातली एक बाई द्या, आम्ही तिला शिकवू. गावांनी निवडलेल्या या बायकांत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, शेतमजुरी करणाऱ्या होत्या, आणि बहुतेक जणींना अक्षर ओळखत नव्हते. त्यांना ग्राम आरोग्यसेविका म्हटले गेले. (सरकारी उपकेंद्रातल्या परिचारिकेलाही महाराष्ट्रात 'आरोग्यसेविका' म्हणतात. ती वेगळी, पगारी आणि प्रशिक्षित.)

या निवडीमागे दयाबुद्धी होती असे समजणे चूक ठरेल. ज्या बाईने स्वतः उपाशीपोटी बाळंतपण काढले आहे, तिला दुसरीच्या घरात काय आहे आणि काय नाही हे विचारावे लागत नाही. कण्यांच्या घरात ती दुधाची गोष्ट काढत नाही. मूठभर डाळ, शेवग्याचा पाला, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ यांवर बोलते. शिवाय ती रात्री दोन वाजता हाकेच्या अंतरावर असते.

प्रशिक्षणाची पद्धतही त्यांना सोसेल अशी होती. बायका आठवड्यातून एकदा जामखेडला येत, मुक्काम करत, एक विषय शिकत, आणि मागच्या आठवड्यात गावात काय घडले ते एकमेकींना सांगत. लिहिता येत नसल्याने गाणी, चित्रे आणि तोंडी उजळणी यांवर भर होता. आठवड्याची ही बैठक वर्षानुवर्षे चालू राहिली, आणि जामखेडच्या यशाचे श्रेय बहुधा सर्वांत जास्त तिलाच द्यावे लागेल. एकदा शिबिर घेऊन, प्रमाणपत्र देऊन सोडून दिलेल्या कार्यकर्तीचे ज्ञान वर्षभरात विरते. इथे ते दर आठवड्याला घासून लख्ख होत होते.

नाळ कापणारा हात

जातीचा प्रश्न टाळून जामखेडची गोष्ट सांगता येत नाही. महाराष्ट्राच्या अनेक भागांत सुईणपण मांग समाजातल्या बायकांकडे होते. बाळंतपण विटाळाचे, म्हणून ते काम त्यांचे. म्हणजे सवर्ण घरातले मूल या जगात पहिल्यांदा ज्या हातात पडे, त्याच हाताचे पाणी त्या घरात चालत नसे. आता तीच बाई आरोग्यसेविका म्हणून दारात आली तेव्हा तिला ओट्यावर बसू द्यायचे की नाही, हा खरा प्रश्न होता.

आरोळे दांपत्याने यावर व्याख्याने दिली नाहीत. दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा अनेक गावांत हातपंप दलित वस्तीत बसतील असे पाहिले गेले. पाणी हवे असेल तर बाकीच्या गावाला तिथे जावे लागले. कुपोषित मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली, तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवली. जामखेडच्या मुक्कामी शिबिरात वेगवेगळ्या जातींच्या बायका एकाच मोठ्या गोधडीखाली झोपल्या. सुरुवातीला कुरबुरी झाल्या, हे सांगायला नको.

पण जात हलली ती मुख्यतः गरजेमुळे. अडलेली बाळंतीण, फेफरे आलेली पोटूशी, जुलाबाने सुकलेले मूल, अशा वेळी उपाय ठाऊक असलेली गावात एकच बाई असेल, तर तिला आत बोलवावेच लागते. एकदा आत आलेली बाई पुन्हा ओसरीवर थांबत नाही. तिची प्रतिष्ठा वाढली तशी तिच्या सुनेची, लेकीचीही वाढली. आरोग्यसेविकांपैकी काही जणी पुढे गावच्या कारभारातही आल्या.

कामाची रीत

आरोग्यसेविका करते काय? सुरुवात दिवस राहिल्याच्या बातमीपासून. सरकारी नोंदीत ती चौथ्या-पाचव्या महिन्यात पोहोचत असे. शेजारणीला दुसऱ्याच महिन्यात कळते. मग दर महिन्याला भेट. पोट तपासणे, पायावरची सूज पाहणे, डोळ्यांच्या पापणीचा आतला रंग पाहून रक्त कमी आहे का हे ताडणे, लोहाच्या गोळ्या आणि धनुर्वाताचे इंजेक्शन मिळेल असे पाहणे. फार बुटकी बाई, आधी मूल दगावलेली बाई, जुळे, आडवे मूल, वाढलेला रक्तदाब ही धोक्याची लक्षणे तिला तोंडपाठ. अशा बाईला वेळेत जामखेडच्या रुग्णालयात पोहोचवायचे. बाकीच्यांची सुटका घरीच, पण साबणाने धुतलेले हात, नवे ब्लेड, उकळलेला दोरा आणि स्वच्छ कापड यांसह. बाळाला लगेच पुसून, गुंडाळून छातीशी द्यायचे आणि चीक पाजायचा.

यातले अवघड काम वैद्यकीय नाही, ते सासूला पटवण्याचे आहे. घरात आधी काय शिजेल, सून विहिरीवर कधीपर्यंत जाईल, दवाखान्याला पैसे निघतील का, हे सासू आणि नवरा ठरवतात. म्हणून प्रकल्पाने आधी पुरुषांची शेतकरी मंडळे आणि मग महिला विकास मंडळे उभी केली. शेतकरी मंडळात पुरुष बियाणे आणि पाणलोटाबद्दल बोलायला येत, आणि त्याच बैठकीत मुलांची वजने आणि लसीकरणाची बातही निघे. महिला मंडळात बचत सुरू झाली, त्यातून शेळी, शिवणयंत्र, छोटे दुकान यांसाठी कर्ज मिळू लागले. स्वतःच्या गाठीला चार पैसे असलेली बाई दवाखान्यात जायला नवऱ्याची परवानगी मागते, पण गाडीभाडे मागत नाही. या फरकाने जीव वाचतात.

आरोग्यसेविकांना पगार नव्हता. काम स्वेच्छेचे, आणि पोटासाठी कर्ज किंवा प्रशिक्षण घेऊन छोटा धंदा. गावाची सेवा नोकरी होऊ नये, ती गावाला जबाबदार राहावी, सरकार किंवा संस्थेला नव्हे, ही त्यामागची भूमिका. तिच्यावर टीका होऊ शकते. गरीब बाईचे काम फुकट का, हा प्रश्न रास्त आहे, आणि पुढे देशभर हीच पद्धत गेली तेव्हा तो मोठा होऊन समोर आला.

आकडे काय सांगतात

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१मधले १७६चे बालमृत्यू प्रमाण १९७६मध्ये ५२वर आले आणि १९९०च्या दशकात २६पर्यंत उतरले. गरोदरपणात तपासणी झालेल्या बायका जवळजवळ शून्यावरून पाच वर्षांत ८० टक्क्यांवर गेल्या. पहिल्या पाच वर्षांतली ही घट सर्वांत मोठी आहे, आणि तिच्यात महागडे यंत्र कुठेच नाही.

संस्थेच्या स्वतःच्या आकड्यांवर शंका घेणे योग्यच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'बुलेटिन'मध्ये २०१०मध्ये एक अभ्यास आला. त्यात प्रकल्पाची गावे आणि आजूबाजूची इतर गावे यांची तुलना होती. जात, धर्म, आईचे शिक्षण असे घटक हिशोबात घेऊनही, एक महिना ते पाच वर्षे या वयात मूल दगावण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्के कमी आढळला. प्रकल्पाच्या दाव्यांइतका हा आकडा थरारक नाही, कारण तोवर शेजारची गावेही सुधारली होती. पण अनेक दशकांनंतरही फरक टिकून होता, ही बाब मोठी.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५मध्ये काढलेल्या 'हेल्थ बाय द पीपल' या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होते. १९७८च्या अल्मा-आटा परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली, त्याआधीच्या चर्चेत या पुस्तकाचा वाटा होता. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९०मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. मेबल १९९९मध्ये आणि रजनीकांत २०११मध्ये गेले. काम पुढच्या पिढीने चालू ठेवले.

पुरस्कारांपेक्षा लक्षात राहणारा प्रसंग १९८८चा आहे. मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविका वॉशिंग्टनमधल्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांना त्या झुंबरांची उपमा दिली: सुंदर, महाग आणि हाताला न लागणारी. मग स्वतः आणलेल्या साध्या वातीच्या दिव्याने दुसरा दिवा पेटवून दाखवला. झुंबराने झुंबर पेटत नाही, हे त्यांना सांगायचे होते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय माता

ज्या देशात मुक्ताबाई हे बोलल्या, त्याला हा मुद्दा नवा नव्हता. तो विसरला होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरीच्या काळापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कृष्णवर्णीय सुईणी बाळंतपणे करत. त्यांना 'ग्रॅनी मिडवाइफ' म्हणत. गरीब गोऱ्या बायकांचीही सुटका त्याच करत. आपल्या मांग सुईणीशी साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. १९२१च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने त्यांचे प्रशिक्षण आणि नोंदणी सुरू झाली, पण हळूहळू रुग्णालयांचा आग्रह वाढला आणि परवाने काढून घेतले गेले. अलाबामातल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांनी सुमारे ३ हजार बाळंतपणे केली. त्या राज्याने १९७६मध्ये अशा सुईणींचा मार्ग कायद्याने बंद केला. म्हणजे जामखेडला निरक्षर बायकांच्या हाती बाळंतपणाची काळजी शिकवून सोपवली जात होती, त्याच वर्षांत तिकडे ती काढून घेतली जात होती.

रुग्णालये आली म्हणून धोका गेला नाही. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांनुसार २०२३मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांमध्ये हा आकडा १४.५ होता. महाराष्ट्राचे माता मृत्यू प्रमाण २०१८-२०मध्ये ३३ होते. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने तुलना फार ताणू नये, पण जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या एका समाजाचा आकडा महाराष्ट्राच्या सरासरीपेक्षा वर आहे, हे वाचून थांबायला होते.

गरिबी हे याचे पूर्ण उत्तर नाही. २०१९मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने दिलेल्या आकड्यांत, पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांमधले गरोदरपणाशी संबंधित मृत्यू शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त होते, १.६ पट. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०१७मध्ये बाळंतपणानंतर दम लागू लागला. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास तिला आधी होऊन गेला होता, म्हणून तिने स्वतःच तपासणी मागितली. तरी ती पटवून द्यावी लागली. गुठळ्या निघाल्याच. इतक्या मोठ्या खेळाडूचे म्हणणे सहज ऐकले जात नसेल तर बाकीच्यांचे काय, हा प्रश्न तेव्हापासून तिकडे उघडपणे विचारला जातो.

त्याला उत्तर म्हणून ज्या संघटना उभ्या राहिल्या त्यांत 'ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स' ठळक आहे. २०१८पासून दर वर्षी ११ ते १७ एप्रिल हा 'ब्लॅक मॅटर्नल हेल्थ वीक' पाळला जातो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कृष्णवर्णीय मातांच्या स्तनपानासाठी वेगळा सप्ताह असतो. प्रत्यक्ष कामात सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे 'डूला'. डूला ही डॉक्टर नव्हे आणि सुईणही नव्हे. ती बाळंतपणातली सोबतीण. कळा सुरू असताना जवळ बसणे, डॉक्टर काय म्हणाले ते सोपे करून सांगणे, बाईला जे जाणवते आहे ते डॉक्टरांना ठासून सांगणे, आणि घरी आल्यावर आठवडाभर येऊन पाहणे हे तिचे काम. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्यांमधल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली. कळांच्या वेळी सलग सोबत मिळालेल्यांमध्ये सिझेरियनचे प्रमाण कमी आढळले. अमेरिकेत ओरेगन आणि मिनेसोटा ही राज्ये गरिबांच्या 'मेडिकेड' विम्यातून डूलाला पैसे देण्यात पहिली होती, नंतर इतर राज्ये आली. बाळंतपणानंतर ६० दिवसांत संपणारे मेडिकेडचे संरक्षण १२ महिने करण्याची मुभाही २०२१च्या कायद्याने राज्यांना दिली. मातांचे अनेक मृत्यू बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत होतात, म्हणून ही मुदत महत्त्वाची.

महाराष्ट्र आणि कृष्णवर्णीय अमेरिका यांची तुलना नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३चे 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले होते. त्याच्या दहा वर्षे आधी, १८६३मध्ये, त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेला गुप्तपणे येऊन सुरक्षित बाळंत होता यावे म्हणून. ज्या आईच्या पाठीशी कोणी उभे राहणार नाही तिच्यासाठी जागा, ही मराठी कल्पना जामखेडच्या शंभर वर्षे आधीची आहे.

जामखेड ते आशा

एप्रिल २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि देशभर 'आशा' नेमल्या गेल्या: साधारण हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक स्त्री. तिच्यामागे जामखेड होते, छत्तीसगडच्या मितानिन होत्या, आणि डॉ. अभय व राणी बंग यांचे गडचिरोलीतले 'सर्च'चे काम होते. तिथे आरोग्यदूत स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९च्या 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झाले.

पण जामखेडमधले सगळे आशा योजनेत आले नाही. आशा होण्यासाठी सुरुवातीला आठवी पास असण्याची अट होती, नंतर ती वाढली. जामखेडच्या पहिल्या आरोग्यसेविकांपैकी बहुतेक जणी त्या अटीत बसल्या नसत्या. नोंदी, फॉर्म आणि मोबाइलवरच्या माहितीसाठी शिक्षण लागते हे खरे. पण त्या अटीमुळे अनेक गावांत सर्वांत गरीब वस्तीतली बाई मागे पडली. आठवड्याच्या बैठकीची जागा तालुक्याच्या अधूनमधूनच्या प्रशिक्षणाने घेतली. आणि बिनपगारी सेवेची कल्पना कामागणिक मोबदल्यात बदलली: लसीकरणाचे इतके, दवाखान्यात नेलेल्या बाळंतिणीचे इतके. महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी वारंवार संप करावा लागला, त्यातला एक कोरोनाच्या काळात, जून २०२१मध्ये. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला.

कोयता आणि बाळंतपण

आता जामखेडच्या आईसमोरचा मोठा प्रश्न गावात नाही, गावाबाहेर आहे. जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा हा सगळा ऊसतोड मजुरांचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास जोडपी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, आणि कामाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाचवा महिना असो की नववा, मोळी डोक्यावर असते. पहाटे फडावर, रात्री पालात, प्यायचे पाणी दुरून.

जामखेडच्या साऱ्या रचनेचा पाया हा होता की बाई आणि तिची आरोग्यसेविका एका गावात राहतात. सहा महिने बाई गावातच नसेल तर आशाच्या वहीत तिची पहिली तपासणी असते, पुढच्या रकान्यांत काही नसते. कारखान्याच्या गावातली आशा तिला ओळखत नाही, अंगणवाडीच्या यादीत तिचे नाव नाही. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ८२ हजार ३०९ महिलांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. पाळी, अंगावरून जाणे, पोटदुखी यांवर साधे उपचार करायला सवड नाही आणि खाडा परवडत नाही, तेव्हा पिशवीच काढून टाकणे स्वस्त पडते. या बायकांना शस्त्रक्रियेपूर्वी दुसरा उपाय आहे का ते विचार, असे सांगणारे जवळ कोणी नव्हते.

आज गरोदर बाईला काय मिळू शकते

कागदावर बरेच आहे. त्यातले सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरले जाणारे म्हणजे जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम. २०११पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या आणि जेवण मोफत आहे. घरून नेणे आणि परत सोडणेही. बाळ वर्षाचे होईपर्यंत त्याचे उपचार मोफत. कोणी पैसे मागितले तर ते बेकायदा आहे, एवढे माहीत असले तरी पुष्कळ. गाडीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हा क्रमांक.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र महिलेला पहिल्या अपत्यासाठी ५ हजार रुपये हप्त्यांनी मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६ हजार. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती आणि जमातीच्या महिलेला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी महाराष्ट्रात ग्रामीण भागात ७०० रुपये. रक्कम लहान, खाते आणि आधार जुळवण्याची दगदग मोठी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर महिलांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातेला शिधा मिळतो.

फडावर जाणाऱ्या बाईसाठी यातली एक वस्तू सर्वांत मोलाची आहे: माता-बाल संरक्षण कार्ड. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, दिलेल्या लसी आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख त्यात असते, आणि ते कोणत्याही जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात चालते. गाडीत संसार भरताना ते कार्ड तव्या-परातीबरोबर न जाता आधार कार्ड आणि बँकेच्या पुस्तकाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जावे, आणि कारखान्यावर पोहोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते तिथल्या आशाला किंवा अंगणवाडी ताईला दाखवून नाव नोंदवून घ्यावे. स्थलांतरित बाईला सेवा नाकारण्याचा अधिकार त्यांना नाही. गावातल्या आशाचा मोबाइल क्रमांक कार्डाच्या आतल्या पानावर लिहून घेतला तर दोन्हीकडच्या आशा एकमेकींशी बोलू शकतात.